तीन द्यावीत, तीन घ्यावीत

कचेरीच्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाच्या बरोबर वर, एक काळा पडदा टांगलेला होता. एरवी त्यावर काहीच नसे. परंतु लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोठे करारभंग झाला, की त्यावर तांबड्या अक्षरांत एक नाव उमटे आणि संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत तेथेच राही. नावाखाली कारण असे, कारणाखाली ओळीचा क्रमांक असे. पण तहान लागून पिंपाशी आलेला माणूस कारण वाचत नाही, नाव वाचतो. या पडद्याला सगळे दोषफलक म्हणत, आणि ज्याने तो टांगला त्याला पंच म्हणत.

पंचाने दोषफलक हौसेखातर टांगला नव्हता. प्रोग्रॅम ही हजारो लहान कामकऱ्यांची साखळी असते; त्या कामकऱ्यांना फंक्शन म्हणतात. फंक्शनला कामाला लावताना त्याच्या हातात काही गोष्टी द्याव्या लागतात. त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. लिफ्ट थांबली, की जे फंक्शन बोलवायचे त्याला तीन आर्ग्युमेंट लागत: मजला कोणता, भार किती, दार उघडे की मिटलेले. ही कचेरी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिही ती भाषा स्वभावाने सैल होती. तीनऐवजी दोनच दिली तरी ती हूं की चूं करीत नसे. तिसऱ्याच्या जागी पोकळी धरून ती पुढे चालू लागे, आणि पन्नास पायऱ्या उतरून गेल्यावर भलत्याच ठिकाणी तोंडघशी पडे. मग जेथे ती पडली तेथला माणूस धरला जाई. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा तेव्हा कचेरीचा नित्याचा न्याय होता.

पंचाने तो बदलला. प्रत्येक फंक्शनच्या दाराशी त्याने एक करार बसवला. करार आत शिरणाऱ्या गोष्टी मोजी आणि संख्या चुकली तर दारातच सारे थांबवी. देणाऱ्याने कमी दिले, तर दोष देणाऱ्याचा. तीन घेईन असे कबूल करणाऱ्या फंक्शनला मुळात दोनच घेता येतात असे आढळले, तर दोष ते लिहिणाऱ्याचा. तिसरा निवाडा नाही. आपल्या मेजावरच्या पाटीवर त्याने वळणदार अक्षरात लिहून ठेवले होते: ‘तीन द्यावीत, तीन घ्यावीत.’ संचालकबाईंना ही व्यवस्था इतकी आवडली, की त्यांनी तीवर नोकरीचा नियमच बांधला. नव्या माणसाचे नाव सहा महिन्यांत तीन वेळा फलकावर आले, तर त्याने आपला डबा उचलावा. गेल्या अकरा महिन्यांत खिडकीजवळच्या खुर्चीवरून एक बाई अशीच गेली होती. जाताना ती एवढेच म्हणाली होती, “मी तीन घेते हो. मला दोनच मिळाली.” पंचाने फलकाकडे बोट दाखवले होते.

त्या खुर्चीवर आता पंचाचा मेहुणा बसत असे.

मेहुणा बेचाळीस वर्षांचा होता. लिफ्टची दारे बनवणाऱ्या कारखान्यात तो सतरा वर्षे आरेखक होता. कारखाना बंद पडला आणि तो दोन वर्षे घरी बसला. त्या दोन वर्षांत त्याने हे नवे काम शिकून घेतले, आणि त्याच दोन वर्षांत त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. भांडण असे झाले नाही. प्रत्येक गोष्टीत तो आधी ‘माझंच चुकलं’ म्हणे, आणि ज्याचे सगळेच चुकते त्याच्या आधाराने किती दिवस राहायचे, असा तिचा सरळ प्रश्न होता. जाताना ती म्हणाली, “कायम झालास की कळव.” त्याच्या ताईने, म्हणजे पंचाच्या बायकोने, महिनाभर नवऱ्याच्या मागे भुणभुण लावून त्याला ही खुर्ची मिळवून दिली. सहा महिने येत्या शुक्रवारी भरणार होते. नाव दोन वेळा आले होते.

तो जवळच राहत असल्यामुळे सकाळचा चहा बहिणीकडे घेई. बुधवारी तो आला तेव्हा पंच पाव कापीत होता. पंच पावाचे काप सारख्या जाडीचे करी.

“मग, आज शाफ्टमधली चाचणी ना?” ताईने विचारले.

“हो. खरी लिफ्ट, खरा भार. वाळूची पोती टाकून.”

“पोती मोजून टाक,” पंच म्हणाला. “तीनपर्यंत येतं ना मोजता?”

“अहो!”

“मी विचारलं फक्त. दोनदा आलं नाही म्हणून विचारलं.”

मेहुणा हसला. त्याला या घरात हसण्याची सवय झाली होती. “भावजी, त्या दोन्ही वेळांचं मला अजून कळलं नाही. माझं फंक्शन तीन घेतं. तुम्ही एकदा नजर टाकता का त्यावर?”

“फलकाने नजर टाकली आहे. माझी नजर त्याहून मंद आहे.”

“असं काय करता,” ताई म्हणाली, “घरचाच आहे तो.”

“म्हणूनच. घरच्याला सोडलं, तर फलक कशाला टांगला? त्यापेक्षा तिथे कॅलेंडर लावू.” आणि त्याने मेहुण्यापुढे पावाचा सर्वांत कडेचा काप सरकवला.

चाचणीचा शाफ्ट कचेरीच्या मागच्या अंगाला होता: चार मजल्यांचा उभा सांगाडा, एका बाजूने उघडा, आणि त्यात एक बिनरंगाची लिफ्ट. चाचणीचे काम तपासनीसबाईंकडे असे. त्या पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आणि ज्यांच्या तोंडाला कुलूप नाही अशा होत्या.

“या जावईबापू,” त्या मेहुण्याला म्हणाल्या. तो जावई नव्हता, पण पंचाच्या घरातला म्हणून त्यांनी हे नाव पाडले होते. “आज पास झालात तर पेढे नकोत, निदान हसून दाखवा.”

पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत लिफ्ट गेली, थांबली, दार उघडले, मिटले. एकोणीस वेळा सारे सुरळीत झाले. विसाव्या वेळी ती तळमजल्यावर दार उघडून उभी असताना बाईंच्या माणसांनी एकदम सहा पोती आत टाकली. दोर ताणला, लिफ्ट दोन बोटे खाली बसली आणि नियमाप्रमाणे स्वतःला सावरून पुन्हा मजल्याच्या पातळीला येऊन थांबली. थांबली ती थांबलीच. घंटा वाजली. दार अर्ध्यावर अडकले. कोणीतरी कचेरीच्या दारातून ओरडले, “फलक!”

पिंपावरच्या फलकावर मेहुण्याचे नाव लागले होते. कारण: ‘तीन हवीत, दोन मिळाली.’

मेहुण्याने कारण आणि ओळीचा क्रमांकही वाचला. मग पंचाच्या मेजाशी गेला. आवाज खाली ठेवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे तो म्हणाला, “भावजी, मी देत नाही, मी घेतो. लिफ्ट थांबली की तुमचा भाग माझ्या फंक्शनला बोलावतो. मग दोन दिली कोणी?”

पंचाने चष्मा काढून पुसला. “तू माझ्या भागाकडे आलास. तुझं फंक्शन तू माझ्या हाती दिलंस. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे आलेला तू. देणारा तू. करार देणाऱ्याला धरतो.”

“पण मी दिलं ते फंक्शन. ती तीन आर्ग्युमेंट नंतर तुमच्याकडून—”

“वाद घालायचा असेल तर यंत्राशी घाल. ते माझ्याइतकं घरचं नाही तुला.”

लोक हसले. विनोद फार चांगला नव्हता. पण तांबडे नाव दुसऱ्याचे असले, की माणूस विनोदाच्या बाबतीत उदार होतो.

गुरुवारी संचालकबाईंनी पंचाकडून लेखी टिपण मागितले. शुक्रवारी अकराला बैठक. नियम स्पष्ट होता, तरी माणूस पंचाचा नातलग, म्हणून कागद हवा. पंचाला यात आनंदच वाटला. तोंडी बोलणे हे त्याला नेहमी कच्चे काम वाटे. त्याने दार लावून घेतले आणि कोऱ्या कागदावर पहिले वाक्य लिहिले: करारभंग झाला. दुसरे: ज्या फंक्शनला तीन आर्ग्युमेंट मिळायला हवी होती, त्याला दोन मिळाली. तिसरे: ती दोन देणारा अमुक. आणि ‘अमुक’च्या जागी मेहुण्याचे नाव लिहिण्यापूर्वी, केवळ वाक्य सिद्ध असावे म्हणून, तो ती ओळ उघडून पाहू लागला.

ओळ त्याचीच निघाली.

तीन वर्षांपूर्वी, करार ही गोष्ट कचेरीत नव्हती तेव्हा, त्याने ती लिहिली होती. भाराने बसलेली लिफ्ट स्वतःला सावरून पुन्हा थांबते, तेव्हा दार आधीच उघडे असते. मग दाराची बातमी पुन्हा कशाला द्यायची, असा विचार करून तेथे त्याने मजला आणि भार ही दोनच दिली होती. त्या काळी ते चालून गेले. पुढे करार त्यानेच लिहिला, तीनचा, आणि ही एक ओळ मागे राहिली.

मग यंत्राने दुसऱ्याचे नाव का घेतले? याचा शोध घ्यायला त्याला अर्धा तासही लागला नाही, कारण शोधणारा हुशार होता. साध्या व्यवहारात जो दुसऱ्याच्या दारी येतो तोच देतो, आणि कमी दिले तर दोषी ठरतो. पण आलेला माणूस जेव्हा स्वतःचे फंक्शनच ठेवून जातो आणि ‘वेळ आली की याला बोलवा’ असे सांगतो, तेव्हा बाजू उलटतात. आता बोलावणारा घरधनी असतो. आर्ग्युमेंट त्याने द्यायची असतात. कमी पडली तर नाव त्याचे लागायला हवे. कराराच्या आत करार आला, की नावांची अदलाबदल करायची असते. ही गोष्ट पंच दरवर्षी नव्या लोकांना फळ्यावर बाण काढून शिकवीत असे. स्वतःच्या करारात ती करायची तो विसरला होता.

तो इतका काटेकोर माणूस, त्याला अकरा महिन्यांत हे दिसले कसे नाही? उत्तर सोपे आहे. फलक जिकडे बोट दाखवी तिकडेच तो पाही, आणि फलकाने त्याच्याकडे एकदाही बोट दाखवले नव्हते.

त्याने जुन्या नोंदी काढल्या. फलकावर एकूण चौतीस नावे आली होती. त्यांतली नऊ चुकीची होती. नऊंपैकी तीन आधीच्या बाईची, तीन मेहुण्याची, उरलेली इकडची तिकडची. नऊही ठिकाणी खरे नाव एकच होते.

येथे कोणाला वाटेल, की त्याच्या मनात मोठी झुंज झाली असेल. तशी काही नोंद नाही. त्याला जे वाटले ते थोडक्यात असे: फलकावर कचेरीचा विश्वास आहे, तो विश्वास ही चांगली गोष्ट आहे, चौतिसांतले पंचवीस निवाडे बरोबर आहेत, नऊंसाठी पंचविसांवर संशय येऊ देणे न्याय्य नाही. हा युक्तिवाद त्याने दोनदा तपासला आणि त्याला त्यात खोट आढळली नाही.

तिसरे वाक्य त्याने बदलले. ‘ती दोन देणारा अमुक’ हे खोडून लिहिले: ‘फलकावर जे नाव आले ते या विभागातील नव्या माणसाचे आहे.’ हे वाक्य खरे होते. पंच खोटे लिहीत नसे.

शुक्रवारी बैठक सतरा मिनिटे चालली. संचालकबाईंनी टिपण वाचले, चष्म्यावरून मेहुण्याकडे पाहिले. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

मेहुण्याने पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. “मॅडम, हा माझ्या खणात सापडला. आधी इथे ज्या बसत त्यांचा आहे. त्यांच्याही तीनही वेळा हेच कारण आहे. हीच ओळ. दोघांची एकच चूक तीन-तीनदा? एकदा पाहावं, एवढंच माझं म्हणणं.”

बाईंनी कागद पंचाकडे सरकवला. “काय हो?”

पंचाने तो वाचला. आधीच्या बाईने ओळीच्या क्रमांकाभोवती पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता, की कागद फाटला होता. त्याने तो घडी घालून मेजावर ठेवला.

“यावरून दोन निष्कर्ष निघू शकतात,” तो म्हणाला. “एक, करार चुकीचा आहे. दोन, त्या खुर्चीवर बसणाऱ्याला हा भाग कोणी नीट शिकवला नाही. करार अकरा महिने चालतो आहे. शिकवण्यात मी कमी पडलो असेन, तर ते मी मान्य करतो.”

संचालकबाईंना हा मोठेपणा वाटला. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका.” आणि मेहुण्याकडे वळून, “नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या भावजींनी नात्याचा फायदा घेऊ दिला नाही, याचं खरं तर तुम्हाला कौतुक वाटायला हवं.”

“वाटतं,” मेहुणा म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला.

दुपारपर्यंत त्याचा खण रिकामा झाला. तो फाटका कागद त्याने पुन्हा पिशवीत टाकला नाही. आता त्याचा उपयोग नव्हता.

तीन वाजता पंचाने ती ओळ दुरुस्त केली. मजला, भार, आणि आता दार. करारातली नावे मात्र उलटवली नाहीत, कारण करार बदलला की फलकाच्या सगळ्या जुन्या नोंदी आपोआप पुन्हा तपासल्या जात आणि नवे निवाडे फलकावर येत. हा नियमही त्यानेच घातला होता. नऊ वेळा एकच नाव, तेही पिंपाच्या वर. त्यापेक्षा कारणच काढून टाकणे सुटसुटीत.

साडेतीनला तपासनीसबाईंनी पोती टाकली. लिफ्ट बसली, सावरली, थांबली, दार अलगद मिटले. बाईंनी आणखी दहा वेळा करून पाहिले. मग कचेरीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “घ्या. जावईबापू गेले आणि लिफ्ट शहाणी झाली! मला वाईट वाटत होतं हो पोराचं, पण आता काय बोलणार?”

पिंपाशी उभे असलेले दोघे माना हलवून म्हणाले, की हातच्या काकणाला आरसा कशाला.

दुरुस्ती जितकी चोख झाली होती, तितका मेहुणा अधिक दोषी ठरला होता. असा परिणाम पंचाने योजला नव्हता. पण झाल्यावर तो सुबक आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

रविवारी दुपारी ताईने भावाला जेवायला बोलावले. पंच बाहेरच्या खोलीत आला तेव्हा मेजावर पाच ताटे मांडलेली होती.

“पाच?” त्याने विचारले.

“सांगते,” ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. “सांग रे तू.”

मेहुणा खुर्चीच्या कडेवर बसला होता, हातात फोन. “काल तिला कळवलं, नोकरी गेली म्हणून. मला वाटलं, ती फोन ठेवेल. ठेवला नाही. म्हणाली, नोकरीचं राहू दे. मला एकच सांग. चूक खरंच तुझी होती, की तुझ्यावर ढकलली आणि तू नेहमीसारखी मान डोलावलीस? म्हणाली, तुझी नसेल तर आम्ही उद्याच येतो, उपाशी राहू पण येतो. तुझीच असेल तर मात्र आता पुरे.”

“स्टेशनवर येऊन बसल्यात दोघी,” ताई म्हणाली. “पोरीने तर बॅग भरलीसुद्धा. इथून वीस मिनिटं. फोन गेला की रिक्षात बसतील.”

“मग सांगायचं ना,” पंच म्हणाला.

“काय सांगू? मला कळतच नाही.” मेहुण्याने कपाळावरून हात फिरवला. “मला वाटतं माझी नव्हती. पण मला प्रत्येक वेळी काहीतरी वाटतं, आणि मग फलकावर नाव येतं. मी तिला म्हटलं, भावजींना विचारून सांगतो. ते कागद तपासूनच बोलतात. ते म्हणतील ते खरं. तीही म्हणाली, चालेल. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.”

ताईने पाचव्या ताटाशेजारी चमचा सरळ केला. ते ताट लहान होते, कडेला फुलांची नक्षी असलेले.

“तीनही वेळा फलकावर जे नाव आलं—” पंचाने सुरुवात केली.

“अहो, फलक नको,” ताई म्हणाली. “तिथे पोर वाट बघते आहे. त्याची चूक होती की नव्हती? हो किंवा नाही.”

इतक्या वर्षांत पंचाला कोणी इतक्या अरुंद दारातून बोलायला लावले नव्हते. त्याच्याजवळ पुष्कळ खरी वाक्ये होती. त्यांतले एकही येथे मावत नव्हते. ‘नाही’ म्हटले, की बायको ‘मग कोणाची?’ असे विचारणार, आणि ती विचारल्याशिवाय राहणारी नव्हती. सोमवारी ते संचालकबाईंपर्यंत जाणार. त्याने मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा त्याच्याकडे विश्वासाने पाहत होता, जसा माणूस आजारपणात डॉक्टरकडे पाहतो.

“हो,” पंच म्हणाला. “तुझीच होती.”

“तुम्ही पाहिलंत नीट?”

“ओळ न् ओळ.”

मेहुण्याने मान डोलावली. तो उठून गॅलरीत गेला आणि त्याने दार लोटून घेतले. पण ते नीट लागत नसे. त्याचे बोलणे आत ऐकू आले. “हो. त्यांनी तपासलं. माझीच. नाही, ते कशाला खोटं बोलतील? ... पोरीला फोन देतेस जरा? ... बरं. राहू दे.”

तो परत आला तेव्हा ताई पदराने डोळे पुसत होती. तो खुर्चीवर बसला, आणि काहीतरी बोलायलाच हवे म्हणून म्हणाला, “भावजी, आभार. कोणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवं होतं मला. बरं झालं.”

ताईने लहान ताट आणि त्याशेजारचे मोठे ताट उचलले आणि आत नेले. चमचे मात्र मेजावरच राहिले.

पंचाने ते पाहिले. मेजावर तीन ताटे आणि पाच चमचे होते. त्याने जास्तीचे दोन उचलून, दांडे एका दिशेला करून, खणात ठेवले आणि मग तो जेवायला बसला.